एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी एआय कोणतं आणि कसं वापरावं

ठाण्यात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा प्रश्न आलाय. शाळा मराठी माध्यमाची. प्रकल्प ठाणे खाडीच्या पाण्याची गुणवत्ता आणि ऐरोलीच्या बाजूच्या कोळीवाड्यांतली मासेमारी यावर. वर्गात जो तो वेगळं एआय टूल वापरतोय. त्यातलं कोणतं घ्यावं, पैसे भरावेत का, आणि वापरलं म्हणून प्रकल्प अडकेल का, असं त्याने विचारलंय. मी नवी मुंबईत बरीच वर्षं विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी मार्गदर्शन करते, तोंडी परीक्षाही घेते. त्यामुळे परीक्षकाच्या खुर्चीतून काय दिसतं तेही यात सांगते.

तुला दोन टूल पुरतील. एक गूगलचं नोटबुकएलएम. दुसरं चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉड यांपैकी जे तुझ्या हाताला बसेल ते. या तिघांत सरस कोण हे दर काही महिन्यांनी बदलतं, त्या वादात वेळ घालवू नकोस. सोबत झोटेरो टाकून घे. ते एआय नाही, पण फुकट आहे आणि संदर्भ सांभाळायला अगदी भरवशाचं आहे.

टूलच्या नावापेक्षा उत्तर कुठून येतंय हे जास्त महत्त्वाचं. ही सगळी टूल प्रचंड मजकुरावर शिकवलेली असतात आणि पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे त्यानुसार वाक्य रचत जातात. तू नुसता प्रश्न टाकलास तर उत्तर त्या शिकलेल्या मजकुरातून येतं. त्यात अमेरिका-युरोपातल्या पाण्याबद्दल भरपूर असतं, ठाणे खाडीबद्दल अगदी थोडं. याउलट पेपर, नोंदी, तक्ते तू स्वतः पुढे ठेवलेस आणि 'यातूनच सांग' म्हटलंस, तर निदान उत्तर तपासता तरी येतं. माझा सगळा भर या दुसऱ्या वाटेवर आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

नोटबुकएलएम मी पहिलं सांगितलं ते यासाठीच. त्यात तू पीडीएफ चढवायच्या. फुकटच्या खात्यातही एका नोटबुकात ५० स्रोत बसतात, तुला त्याच्या निम्मेही लागणार नाहीत. उत्तरातल्या वाक्यांपुढे छोटे आकडे येतात. आकड्यावर बोट ठेवलं की मूळ पेपरातला तो परिच्छेद उघडतो. मुलं इथे 'सारांश दे' म्हणतात आणि गोड, गुळगुळीत परिच्छेद घेऊन बाहेर पडतात. त्याचा उपयोग जवळपास शून्य. त्याऐवजी असं विचार:

'या पेपरांचा एक तक्ता कर. रकाने असे: नमुने खाडीत कुठून घेतले, कोणत्या महिन्यांत, भरतीला की ओहोटीला, विरघळलेला ऑक्सिजन कोणत्या पद्धतीने मोजला, किती आला, एकक काय. पेपरात जे दिलेलं नाही तिथे फक्त "उल्लेख नाही" लिही. अंदाज करू नकोस.'

हा शेवटचा भाग सोडू नकोस. मोकळी जागा दिसली की ही टूल ती भरायला जातात. 'उल्लेख नाही' लिहायची मुभा दिली की त्यांचं मनाने रचून सांगणं कमी होतं, आणि तुला हवी असलेली गोष्ट नेमकी त्या मोकळ्या रकान्यात सापडते. खाडीत भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी आत असतं, ओहोटीला नाल्यांचं आणि आतलं पाणी उतरत असतं. एकाच ठिकाणी सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने वेगळे निघू शकतात. भरती-ओहोटीच्या रकान्यात 'उल्लेख नाही' पुन्हा पुन्हा आलं, तर तुझ्या प्रकल्पाला कारण मिळालं. प्रस्तावनेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू त्या रकान्यावरून स्वतः लिहू शकशील.

तक्ता झाला की प्रत्येक चौकट मूळ पेपराशी पडताळायची. दोन स्तंभांत छापलेल्या पेपरांत शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. तक्त्यातल्या हंगामी सरासरीच्या जागी कमाल आकडा उचलला जातो. शोधगंगा म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. तिथल्या जुन्या प्रबंधांची आणखी एक अडचण आहे. त्यांतले बरेच पानांचे फोटो काढून चढवलेले आहेत. पीडीएफमधलं वाक्य बोटाने निवडता येतं का ते आधी बघ. येत नसेल तर ती फाइल आधी ओसीआरमधून, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढावी लागेल, नाहीतर टूलच्या हाती अर्धवट मजकूर लागतो आणि तरीही उत्तर मात्र आत्मविश्वासाने येतं. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणांनुसार तुटक फाइलींत असतो, त्यामुळे पद्धतीचं प्रकरण आणि निष्कर्षांचं प्रकरण दोन्ही चढवलंयस ना, तेही पाहा.

नोटबुकएलएम तुझ्या पेपरांवर दोन आवाजांतला संवाद तयार करून देतं, तो मराठीतही ऐकता येतो. ठाणे ते वाशी लोकलमध्ये ऐकायला बरा आहे. विषयाची तोंडओळख होते, पण आकडे आणि पद्धती त्यात हमखास गळतात. त्यावरून काहीही लिहू नकोस.

आता पेपर मिळवायचे कुठून. गूगल स्कॉलर, सिमँटिक स्कॉलर आणि शोधगंगा, याच क्रमाने. पर्प्लेक्सिटीसारखी टूल दुवे देतात, सुरुवातीला दिशा कळायला ती चालतात. पण साध्या चॅटमध्ये 'ठाणे खाडीवरचे दहा संदर्भ दे' असं कधीही विचारू नकोस. लेखकाचं नाव, नियतकालिक, वर्ष, पृष्ठक्रमांक सगळं खरं वाटेल असं येईल आणि तो पेपर जगात नसेल. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा खटले दाखले म्हणून जोडले. ते खटले अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. तुझ्या बाबतीत दंड होणार नाही, पण परीक्षकाने एक डीओआय (पेपराचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून पाहिला आणि पान उघडलं नाही, की पुढच्या चाळीस पानांकडे तो संशयानेच बघतो. मी तरी तशीच बघते. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय उघडायचा, तू लिहिलेलं वाक्य त्या पेपरात खरंच आहे का ते बघायचं, आणि मगच तो झोटेरोत टाकायचा.

आपल्या खाडीचंच एक उदाहरण देते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा) मिळाला, त्या पाणथळ क्षेत्राची नोंद साधारण ६,५२१ हेक्टर. हद्दी वेगळ्या, वर्षं वेगळी. एआयच्या उत्तरात एकाचं वर्ष आणि दुसऱ्याचं क्षेत्र जोडून वाक्य तयार झालं तर ते वाचायला अगदी बिनचूक वाटेल, कारण दोन्ही आकडे खरेच आहेत. अशी चूक शुद्धलेखन तपासून सापडत नाही. मूळ अधिसूचना आणि रामसरची नोंद उघडूनच सापडते.

मराठी माध्यमाबद्दल तू जरा दबून लिहिलंयस. दबण्याचं कारण नाही. या टूलचा सगळ्यात मोठा फायदा मला विचारशील तर तुझ्यासारख्या मुलांना होतो, फक्त तो योग्य जागी घ्यायला हवा. पूर्वी ही टूल मराठीत बोलायला लागली की हळू चालायची आणि फुकटची मर्यादा लवकर संपायची. ती मजकुराचे छोटे तुकडे करून काम करतात आणि देवनागरीचे तुकडे फार पडत असत. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने नवं मॉडेल आणलं तेव्हा त्यांनी दाखवलेल्या नमुन्यात मराठी वाक्याचे ९६ तुकडे पडायचे, ते ३३ वर आले. इंग्रजीत त्याच मजकुराचे २४ होते. म्हणजे अंतर उरलंय, पण आता मराठीत मनमोकळं विचारता येतं.

विचारताना एवढं सांग: 'समजावणं मराठीत, पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेव.' नाहीतर ते जड शब्द घडवून देतं, जे ना तुझ्या पुस्तकात असतात ना परीक्षकाच्या तोंडी. पेपरातला अवघड परिच्छेद टाक आणि विचार की लेखकाने हे का केलं असेल, दुसरं काय करता आलं असतं. इंग्रजी परिच्छेद पुन्हा वाच. आता तो उलगडतो. हे काम एकेकाळी घरात शिकलेलं कोणी असलं तरच व्हायचं.

पण इथेही सगळ्या जगाच्या सरासरीचा धोका आहेच. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. 'बीओडी कसा काढतात' असं मोघम विचारलंस तर बहुतेक वेळा उत्तर येईल: ५ दिवस, २० अंश सेल्सिअस. परदेशी पाठ्यपुस्तकांत तेच आहे. आपल्याकडची प्रमाणित पद्धत ३ दिवस, २७ अंशांची आहे आणि तुझ्या प्रयोगशाळेतला इनक्युबेटरही बहुधा २७ वरच लावलेला असेल. तू प्रत्यक्षात एक केलंस आणि प्रकल्पात दुसरं लिहिलंस, तर ते परीक्षकाच्या पहिल्याच नजरेत येतं. पद्धतीचं प्रकरण एआयकडून लिहून घेतलेलं कसं ओळखू येतं, असं मला कोणी विचारलं तर मी याच जागेकडे बोट दाखवते. ते प्रकरण तुझ्या प्रयोगवहीतूनच उतरायला हवं.

आता ज्या वापराबद्दल मी सगळ्यांना आग्रहाने सांगते तो. तोंडी परीक्षेची तयारी. टूलकडून उत्तरं घेण्यापेक्षा त्याला प्रश्न विचारायला लाव. पद्धतीचं आणि निष्कर्षांचं प्रकरण त्याच्यापुढे ठेव आणि लिही: 'तू बाहेरचा परीक्षक आहेस. या मजकुरावर एका वेळी एकच प्रश्न विचार. माझं उत्तर आल्यावर त्यात काय कमी आहे ते एका ओळीत सांग आणि त्यावरूनच पुढचा खोल प्रश्न विचार. बरोबर उत्तर मी मागितल्याशिवाय देऊ नकोस. स्तुती करू नकोस.'

हे कसं चालतं बघ. समजा पहिला प्रश्न आला: विरघळलेल्या ऑक्सिजनचा नमुना तू जागेवरच स्थिर का केलास? तू लिहिलंस, 'विंक्लर पद्धतीत तसंच करतात.' ते म्हणेल, ही कृती झाली, कारण कुठे आहे? मग तुला आठवेल की बाटलीतले जीव ऑक्सिजन वापरत राहतात, हवेशी देवाणघेवाण होते, म्हणून काठावरच मँगनीज सल्फेट आणि आयोडाइड-अझाइड घालतात. पुढचा प्रश्न: ऐरोलीहून ठाण्याच्या प्रयोगशाळेत यायला किती वेळ लागला आणि तोवर बाटल्या कशात ठेवल्या होत्या? याचं उत्तर जगातल्या कोणत्याही टूलकडे नाही. ते तुझ्याकडेच आहे, आणि ते मराठीत, मग इंग्रजीत, मोठ्याने बोलून दाखव. तासभर असं केलेला विद्यार्थी समोर बसला की पाच मिनिटांत कळतं. वाक्य चुकलं तरी तो थांबत नाही, कारण त्याला काम ठाऊक असतं.

कोळीवाड्यातल्या मुलाखतींबद्दल थोडं सावधपणे. ध्वनिमुद्रणावरून मजकूर करून देणारी टूल आहेत. व्हिस्पर हे ओपनएआयने २०२२ साली खुलं केलेलं मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतं, म्हणजे आवाज बाहेर कुठे जात नाही. मात्र आगरी-कोळी बोलीत ते अडखळणार. निवट्या, चिंबोरी, उधाण हे शब्द भलतेच होऊन येतील. 'भांगाच्या दिवसांत' म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत, याचा तर यंत्र काय अर्थ लावेल सांगता येत नाही. त्याहून धोकादायक आकडे. 'पावणेदोनशे' म्हणजे १७५. यंत्राने ते दोनशे केलं किंवा 'पावणे' गाळलं, तर मजकूर वाचताना तुला काहीही खटकणार नाही आणि उत्पन्नाचा तक्ता मात्र चुकेल. अडीच, दीड, सव्वा, साडे जिथे जिथे आहेत तिथे मुद्रण पुन्हा ऐकायचंच. मजकुराचा कच्चा खर्डा यंत्राने करावा, तो कानाने तपासायचं काम तुझं.

आणि त्या माणसांनी तुला विश्वासाने सांगितलेलं असतं. किती कर्ज आहे, कोणत्या कंपनीच्या पाण्याबद्दल तक्रार केली, जाळं कुठे लावतात. नावं, फोन नंबर, घराचा पत्ता काढल्याशिवाय एकही मुलाखत चॅटमध्ये चिकटवू नकोस. क-१, क-२ असे संकेत दे आणि खरी यादी कागदावर ठेव. फुकटच्या खात्यांत तुझं संभाषण पुढच्या मॉडेलच्या शिकवणीसाठी वापरलं जाऊ शकतं. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, ते पहिल्याच दिवशी कर. मुद्रण करण्याआधी संमती घेताना हेही त्यांना साध्या शब्दांत सांग.

आकडेमोड चॅटमधल्या वाक्यात करू नये. सूत्र कोणतं, एक्सेलमध्ये कसं लिहायचं, ही चाचणी माझ्या नमुन्याला लागू आहे का, हे विचार. हिशेब एक्सेलनेच करावा.

आता 'पकडलं जाण्या'बद्दल. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर तुझा मजकूर आधीच्या मजकुराशी जुळतो का ते पाहतं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१८ चे नियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीला लागू आहेत. म्हणजे तुझ्या प्रकल्पालाही. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. एआयने नवं वाक्य रचलं तर साम्य कमी येईल, पण म्हणून ते तुझं होत नाही.

दुसरं म्हणजे 'हे एआयने लिहिलंय' असं सांगणारी टूल. त्यांच्यावर माझा विश्वास नाही, आणि हे मी सहकाऱ्यांनाही सांगते. ओपनएआयने स्वतःचं असं टूल जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात टूल तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी हाताने लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी एआयचे ठरवले. साधी वाक्यं, मोजके शब्द, हेच त्यांना यंत्रासारखं वाटतं. म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या, प्रामाणिकपणे साधं इंग्रजी लिहिणाऱ्या मुलावर आळ यायची शक्यता जास्त. याचा मला मनापासून राग येतो.

त्यावर उपाय पुरावा ठेवण्याचा. प्रकल्प पहिल्या दिवसापासून गूगल डॉक्समध्ये लिही, त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. प्रयोगवहीच्या पानांचे आणि नमुने घेतानाचे फोटो तारखेसह ठेव. आणि पहिला खर्डा स्वतःच कर. मराठी-इंग्रजी मिसळून झाला तरी चालेल, तोडकामोडका झाला तरी चालेल. मग एकेक परिच्छेद टूलला देऊन सांग: 'हे पुन्हा लिहू नकोस. व्याकरणाच्या चुका आणि अस्पष्ट जागा फक्त दाखव, प्रत्येकीचं कारण सांग.' दुरुस्ती तू कर. चार-पाच परिच्छेदांनंतर तुझ्याच नेहमीच्या चुका तुला दिसायला लागतात, आणि लिहिलेलं तुझ्याच आवाजात राहतं.

वापर लपवू नकोस. शोधपत्रांच्या नीतिनियमांवर काम करणाऱ्या कोप या संस्थेने २०२३ मध्येच सांगितलंय की एआय लेखक होऊ शकत नाही, आणि वापर केला असेल तर तो नोंदवावा. कॉलेजचा स्वतंत्र नियम असला तर तो आधी वाच. नसला तर आभारांच्या पानाआधी असं काहीतरी टाक: 'संदर्भपेपरांचे तुलनात्मक तक्ते करण्यासाठी आणि इंग्रजी व्याकरण तपासण्यासाठी अमुक टूल वापरले. सर्व आकडे मूळ पेपरांशी पडताळले आहेत. नमुने, मापन, मुलाखती आणि निष्कर्ष माझे आहेत.' हा मजकूर मार्गदर्शकांना आत्ताच दाखव, प्रकल्प बांधून झाल्यावर नको.

पैसे भरू नकोस. वर सांगितलेलं सगळं फुकटच्या खात्यांत होतं. २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटीची आणि जिओने जेमिनीची सशुल्क योजना ग्राहकांना काही काळ मोफत दिली होती. असं काही तुझ्या फोनवर आलं तर जरूर घे, फक्त मुदत संपल्यावर खात्यातून आपोआप रक्कम जाणार नाही ना, ते यूपीआयच्या ऑटोपे यादीत बघून ठेव. खर्च करायला महिन्याला काही रुपये असतीलच, तर ते बाटल्या, अभिकर्मकं आणि ऐरोलीच्या जास्तीच्या फेऱ्यांवर घाल. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळचे नमुने तुझ्याकडे असले, तर वर सांगितलेल्या तक्त्यातला तो मोकळा रकाना तूच भरू शकशील.